वाडीतल्या घरात टीव्हीच्या स्टिकला नेट नक्की किती लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात वाडीत जुनं चिऱ्याचं कौलारू घर. टीव्ही माजघरात, फोरजी सिमवर चालणारा राउटर ओटीच्या खिडकीत. टीव्हीला नवी स्ट्रीमिंग स्टिक जोडली आहे. मोबाइलवर स्पीड टेस्ट ३० एमबीपीएस दाखवते, तरी रात्री नऊला मालिका लावली की बफरिंग सुरू होतं. आता वाडीत केबलवाल्याची फायबर आली आहे आणि तो म्हणतोय, ५० चा प्लॅन पुरणार नाही, १०० चाच घ्या. एरवी घरात आई-वडील दोघंच, मे महिन्यात आणि गणपतीला मात्र घर भरतं. तर किती घ्यावा?

आकडाच हवा असेल तर ३० ते ५०. शंभरचा घेतलात तर थोडे पैसे जास्त जातील एवढंच, पण त्याने बफरिंग थांबेल असं मी सांगणार नाही. आत्ताही तुमच्या राउटरपर्यंत निदान काही वेळा ३० येतात, आणि एका टीव्हीला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. रात्री नऊ वाजता, माजघरातल्या त्या स्टिकपर्यंत, न तुटता किती पोचतं हे बघायला हवं. त्या वाटेत अडकायच्या तीन जागा आहेत: टॉवर किंवा केबलवाल्यापासून घरापर्यंत, राउटरपासून स्टिकपर्यंत, आणि खुद्द स्टिक. केबलवाला शंभरचा प्लॅन विकतो तेव्हा तो फक्त पहिल्या जागेबद्दल बोलत असतो, आणि तिथेही अर्धंच.

आधी गरजेचा हिशोब करू. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं ते असं: ७२० च्या चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५, फोरकेला १५. यूट्यूब फोरकेसाठी २० सांगतं. बाकीची ॲप्स याच घरातली. हे आकडे सरासरीचे आहेत, म्हणून मी वर निम्मा भाग जास्त धरतो: फुल एचडीच्या एका टीव्हीला ८. आई-वडिलांचे दोन मोबाइल, त्यावर यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल, मिळून ५. एकूण १३, म्हणजे ३० चा प्लॅन निवांत पुरतो. गणपतीत सहा-सात मोबाइल, टीव्ही आणि एखाद्याचं लॅपटॉपवर ऑफिस धरलं तर ३५ ते ४०. तिथे ५० चा प्लॅन बरा. फोरके टीव्ही घेणार असाल, किंवा दोन खोल्या पाहुण्यांना देणार असाल, तर हिशोब बदलतो आणि तेव्हा १०० ला अर्थ आहे. पण ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघणाऱ्याला फुल एचडी आणि फोरके यातला फरक क्वचितच जाणवतो, त्यामुळे फोरकेपायी प्लॅन वाढवू नका.

आता तुमच्या 'रात्री नऊ'कडे. राउटरमधलं सिम कुठल्या रिचार्जवर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. एमबीपीएस हा बिटांचा वेग, आणि डेटा मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. ५ एमबीपीएसने तासभर बघितलं तर ५ गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे २,२५० एमबी. सव्वादोन जीबी. रोज २ जीबीचं रिचार्ज असेल तर एक तासाची फुल एचडी मालिकाही त्यात बसत नाही. दुपारभर मोबाइल त्याच वायफायवर असतील तर संध्याकाळपर्यंत कोटा संपलेला असतो, आणि कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, बाकी काही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: रात्री बारानंतर किंवा सकाळी सगळं झकास चालत असेल आणि रोज साधारण एकाच सुमाराला अडत असेल, तर कोटा संपतोय. सिम कंपनीच्या ॲपमध्ये रात्री नऊला उरलेला डेटा बघा. आणि स्पीड टेस्ट सारखी सारखी करू नका, ३० च्या वेगाने पंधरा सेकंदांची एक टेस्ट पन्नास-साठ एमबी खाते.

कोटा शिल्लक असूनही अडत असेल तर टॉवरवरची गर्दी. मोबाइल टॉवरच्या एका दिशेची क्षमता त्या दिशेच्या सगळ्या गिऱ्हाइकांत वाटली जाते. सकाळी सगळे कामात, रात्री नऊला सगळे घरात. म्हणूनच सकाळी ३० आणि रात्री ३ असा खेळ होतो. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की त्याच टॉवरवर दुप्पट-तिप्पट मोबाइल येतात, आणि आठवडाभर नेटच्या नावाने शंख होतो. त्यावर घरात बसून इलाज नाही. टॉवर बदलणं एवढंच हातात, आणि वाडी दोन डोंगरांच्या बेचक्यात असेल तर तेही नाही.

थोडंफार करता येतं ते असं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ) हे दोन आकडे असतात. आरएसआरपी उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून बरा (म्हणजे उणे ८०, उणे ७०) असेल तर सिग्नल चांगला. उणे ११० च्या खाली गेला तर कठीण. एसआयएनआर १० च्या वर हवा. शून्याच्या आसपास असेल तर दांड्या भरलेल्या दिसल्या तरी वेग मिळत नाही, कारण दोन टॉवर एकमेकांवर ओरडत असतात. मोबाइलवरच्या दांड्या बघून काही ठरवू नका. कौलारू घरात राउटर माळ्यावर नेऊन बघा, कौलांतून सिग्नल चिऱ्याच्या भिंतीपेक्षा सहज येतो. कौलांवर किंवा त्यांच्या जागी पत्रे घातले असतील तर मात्र उलट, पत्रा सिग्नल परतवून लावतो. लांब पल्ल्याचा ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचा बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) खाडीपलीकडूनही येतो पण त्यात वेग मर्यादित असतो. २३०० च्या बँडमध्ये वेग जास्त, पण मध्ये डोंगर आला की तो मेला. राउटरमध्ये बँड कायम करायची सोय असेल तर दोन्ही लावून, रात्रीच, मोजून बघा.

फाइव्हजीवर चालणारा एअरफायबर हा त्याच टॉवरचा नवा भाऊ. घरावरून टॉवर सरळ दिसत असेल तर उत्तम चालतो. मध्ये माडांची रांग असेल तर उन्हाळ्यात मिळालेला वेग पावसात ओल्या झावळ्या हलायला लागल्यावर टिकत नाही. तेव्हा फायबर आली आहे तर फायबरच घ्या, यात दुमत नको.

पण फायबर घेतानाही एक गोष्ट तपासा, कारण केबलवाल्याचं '१००' हे तुमच्या घरापासून त्याच्या खोलीपर्यंतचं असतं. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असली तरी त्या काचेच्या तारेची क्षमता गिगाबिटांत असते, ती सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती त्याने वरच्या कंपनीकडून घेतलेली मुख्य लाइन. ती त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांत वाटली जाते, आणि रात्री भरली की ५० वाल्यालाही ८ आणि १०० वाल्यालाही ८. इथे मोठा प्लॅन घेऊन काहीच सुटत नाही. पैसे देण्याआधी वाडीत ज्याच्याकडे त्याचं कनेक्शन आहे त्याला रात्री नऊ ते दहामध्ये फास्ट डॉट कॉम उघडायला सांगा, लागोपाठ तीन-चार रात्री, आणि त्यात क्रिकेटचा सामना असलेली एक रात्र असू द्या. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट, ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. शेजाऱ्याला प्लॅनच्या सत्तर-ऐंशी टक्के मिळत असेल तर लाइन चांगली. दिवसा ९५ आणि रात्री १० असेल तर प्लॅन कुठलाही घ्या, तुम्हीही त्याच रांगेत. प्लॅनच्या कागदावर महिन्याचा कोटा आणि कोट्यानंतरचा वेगही वाचा. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये कोटा इतका मोठा असतो की एका घराला संपवणं कठीण, पण गावातल्या छोट्या केबलवाल्यांचे काही स्वस्त प्लॅन शंभर-दोनशे जीबीचेही असतात. रोज तीन तास फुल एचडी म्हणजे महिन्याला सुमारे २०० जीबी, हे लक्षात ठेवून बघा.

आता घरातली वाट, आणि कोकणातल्या घरांत निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच निघतात. जांभा चिरा हा सच्छिद्र दगड, त्यात लोहाचा अंश भरपूर, आणि भिंत नऊ इंचांहून कमी क्वचितच. पावसात बाहेरची भिंत पाणी पिते, आणि पाणी वायफायला शोषून घेतं. मे महिन्यात व्यवस्थित चाललेली जोडणी जुलैत कुरकुर करते ती म्हणून. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीपलीकडे कसंबसं पोचतं, दोन भिंतींपलीकडे सोडून द्या. २.४ गिगाहर्ट्झ जास्त लांब जातं पण त्याचा खरा वेग, शेजारी वायफाय नसताना, तीस-चाळीस एमबीपीएस. तरी टीव्हीला तेवढा भरपूर आहे. त्यामुळे ओटीवर राउटर आणि माजघरात टीव्ही असेल तर स्टिक २.४ वर ठेवा, आणि राउटरमध्ये वायफायचा चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६, ११ यांपैकी मोकळा असेल तो कायम करा. सिग्नल किती पोचतो ते समजायला मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं कुठलंही ॲप घ्या आणि टीव्हीच्या मागे हात नेऊन सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. उणे ५० ते उणे ६५ असेल तर छान, उणे ७० ला चालेल पण क्रिकेटला दगा देईल, उणे ७५ च्या पुढे गेलं तर बफरिंग ठरलेलं.

टीव्हीच्या मागे हात नेऊन असं मुद्दाम म्हणालो, कारण स्टिकची जागाच वाईट. ती एचडीएमआयच्या खाचेत, टीव्हीच्या पाठीला चिकटून, पुढे सबंध पॅनेलचा पत्रा आणि मागे चिऱ्याची भिंत. स्टिकसोबत एक छोटी, वीतभर एचडीएमआयची एक्स्टेंशन वायर येते. ती बहुतेकांच्या खोक्यातच पडलेली असते. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेच्या बाहेर डोकावू द्या, एवढ्याने त्या आकड्यात पाच-दहाचा फरक सहज पडतो. दुसरं म्हणजे टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक चालवू नका. तिथून बऱ्याचदा अर्धाच अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो. वीज कमी पडली की वायफायचा भाग आधी गळतो आणि स्टिक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होते. सोबतचा ॲडॅप्टर, भिंतीतल्या सॉकेटमध्ये.

हे सगळं करूनही आकडा उणे ७० च्या पुढे असेल तर रिपीटर विकत आणायला जाऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. शिवाय तो माजघरात ठेवला तर त्यालाही भिंतीपलीकडचंच पडकं वायफाय मिळतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत नेटची (इथरनेटची) वायर ओढा. स्टिकसाठी इथरनेटचा छोटा ॲडॅप्टर मिळतो. घेण्याआधी स्टिकचं चार्जिंगचं तोंड मायक्रो यूएसबी आहे की टाइप-सी ते बघा, दोघांचे ॲडॅप्टर वेगळे. मायक्रो यूएसबीचे बहुतेक ॲडॅप्टर १०० एमबीपीएसपर्यंतचे असतात, म्हणून दुकानदार नाक मुरडेल, पण वर हिशोब केलाच आहे की टीव्हीला ८ लागतात. कॅट सिक्सची वायर घ्या, अखंड तांब्याची. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती दोनदा वळवली की आत तुटते, आणि खाऱ्या हवेत तिची टोकं दोन पावसाळ्यांत हिरवट-पांढरी पडतात. चाकूने एक तार खरवडा: आत चंदेरी दिसलं तर परत करा. लांबीची मर्यादा १०० मीटर, घरात तेवढी लागतच नाही. वाशांवरून नेत असाल तर पीव्हीसी नळीतून न्या, माळ्यावरचे उंदीर उघडी वायर महिन्याभरात कुरतडतात. इलेक्ट्रिकच्या वायरींना चिकटवून लांबवर नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा.

वायर ओढायची नसेल आणि फायबर नवीनच येणार असेल तर याहून सोपा मार्ग आहे. केबलवाला मोडेम (फायबरचा डबा, वायफायही तोच देतो) ओटीवर बसवायला बघतो, कारण त्याची वायर तिथे संपते आणि त्याला पाच मिनिटांत निघायचं असतं. त्याला आधीच सांगा: मोडेम माजघरात, टीव्हीच्या शेजारी. फायबरची वायर दोन-चार मीटर जास्त गेली तर तिला काही फरक पडत नाही, तुमच्या वायफायला मात्र जमीन-अस्मानाचा पडतो. मग स्टिकला आखूड इथरनेट किंवा त्याच खोलीतलं ५ गिगाहर्ट्झ, दोन्हीपैकी काहीही चालेल, आणि ओटीवरच्या मोबाइलना २.४ पुरेल. ५ गिगाहर्ट्झ वापरलंत तर राउटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं ठेवा. मधले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असल्यामुळे राउटर ते अचानक सोडतो, आणि काही स्टिकना ते दिसतही नाहीत.

फायबरच्या वायरीबद्दल आणखी. खांबापासून घरापर्यंत ती बागेतून येणार, म्हणजे माडाच्या झावळ्या, पोफळी आणि वानरं, तिघांचीही तिच्यावर नजर. शक्यतो ती माडाखालून नको, गडग्याच्या कडेने किंवा रस्त्याच्या बाजूने येऊ दे, जरी दहा मीटर वाढली तरी. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल देऊन मग वर घ्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जातं, भोकातून आत येत नाही. वायरीतली पोलादी आधारतार भिंतीबाहेर क्लँपलाच तोडायची, घरात आणायची नाही. वळणं मुठीएवढी गोल ठेवायची, खिळ्यावर काटकोनात दुमडली तर आतला प्रकाशच गळतो. जोडणी झाल्यावर मोडेमच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, ऑप्टिकल रिसीव्ह पॉवरचा (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा) आकडा केबलवाला उभा असतानाच बघा. उणे १५ ते उणे २४ असेल तर त्याला चहा द्या. उणे २५-२६ असेल तर जोड पुन्हा करायला लावा, कारण उणे २७ च्या पलीकडे मोडेम तग धरत नाही आणि पहिल्या पावसात एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर फुंकून किंवा सदऱ्याला पुसून लावू नका, त्यावरचा एक धुळीचा कण पुरेसा आहे.

तिसरी जागा स्टिक. तुमची नव्या ब्रँडेड स्टिकपैकी असेल तर फारसं बघायला नको. पण बाजारात हजार-बाराशेत मिळणारा बिनानावाचा अँड्रॉइड बॉक्स असेल तर त्यात वाइडवाइन एल-वनचं (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाचं) प्रमाणपत्र बहुधा नसतं, आणि मग नेटफ्लिक्ससारखी ॲप्स ४८० च्या पुढे जातच नाहीत. नेट १०० करा नाहीतर ५००, चित्र धुरकटच. तसंच नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, बेसिक ७२० ला थांबतो, फुल एचडीला स्टँडर्ड लागतो. यात नेटचा काही संबंध नाही, पण शिव्या नेटलाच बसतात. स्टिक जुनी आणि भरलेली असेल तर सेटिंगमधून नको ती ॲप्स काढा आणि आठवड्यातून एकदा प्लग काढून पुन्हा लावा. टीव्हीच्या मागे कोंडून ठेवली तर तापूनही अडखळते.

आता हे बफरिंग नेमकं कुठे होतंय ते शोधायची पद्धत. रात्री नऊनंतर, टीव्ही अडत असतानाच करायची. आधी राउटरच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर फास्ट डॉट कॉम. मग टीव्हीच्या शेजारी. मग स्टिकच्याच ब्राउझरमध्ये. राउटरपाशीच ४-५ किंवा त्याहूनही कमी येत असेल तर दोष बाहेरचा, टॉवर किंवा कोटा. राउटरपाशी २५ आणि टीव्हीपाशी ४ तर भिंत. दोन्हीकडे २५ आणि स्टिकवर ५ तर स्टिकची जागा, ॲडॅप्टर किंवा स्टिक स्वतः. तिन्हीकडे २५ आणि तरी एकच ॲप अडतंय तर त्या ॲपचा घोळ, दुसरं लावून बघा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगमधून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' लावा. त्यात 'बफर हेल्थ' सेकंदांत दिसतो. तो वीस-तीस सेकंदांवर स्थिर असेल तर सगळं ठीक. सरसर खाली येत शून्याला टेकत असेल तर पुरवठा कमी. चांगला असतानाच अचानक शून्यावर कोसळत असेल तर जोडणीच तुटते आहे, वेग कमी नाही.

हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सांगतो. ॲप व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत आणतं आणि पुढचे तुकडे साठवून ठेवतं, जशी माळ्यावरची पाण्याची टाकी: पंप मध्येच बंद पडला तरी टाकीत आहे तोवर नळ चालतो. वेग घसरला की ॲप हलक्या प्रतीचे तुकडे मागवतं, चित्र धुरकट होतं पण थांबत नाही. म्हणजे हळूहळू धुरकट होणं हे वेग कमी असल्याचं लक्षण, आणि स्वच्छ चित्र अचानक थांबणं हे तुटण्याचं. पहिल्याला मोठा प्लॅन कधीकधी उपयोगी पडतो, दुसऱ्याला कधीच नाही. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात साठा अगदी थोडा असतो, कारण पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही. म्हणून मालिका व्यवस्थित आणि सामना अडखळत, ही तक्रार डळमळीत जोडणीची असते. पिंगचे मिलिसेकंद कमी-जास्त असण्याने टीव्हीला फरक पडत नाही, तो गेम खेळणाऱ्यांचा विषय.

घरात सीसीटीव्ही असेल, आणि मुंबईहून मोबाइलवर बघत असाल, तर तोही हिशोबात घ्या. एक कॅमेरा वर पाठवताना एक-दोन एमबीपीएस घेतो. फायबरवर हे जाणवत नाही. फोरजीवर वर जाणारी वाट अरुंद असते, ती कॅमेऱ्याने भरली की खाली येणाऱ्या व्हिडिओच्या पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडही मंदावतो. टीव्ही बघताना कॅमेऱ्याचं थेट चित्र बंद करून बघा, सुधारलं तर कारण सापडलं.

राहिलं लाईट जाणं. मोडेमला बहुधा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर असतो. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या, मोडेमच्या मागे लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून. यूपीएसचे अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेम, टीव्ही, स्टिक एकाच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र टीव्ही, मोडेम आणि इथरनेट वायर तिन्ही काढून ठेवायची सवय आई-वडिलांना लावा. घरातून गोठ्याकडे किंवा शेजारच्या घराकडे तांब्याची इथरनेट वायर उघड्यावरून नेऊ नका, वीज त्यातून दोन्ही घरांची यंत्रं घेऊन जाते. तिथे फायबरच हवी.

जुनं सिम टाकून देऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि पुढच्या मे महिन्यातल्या तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर वायरी आणि खांब दोन्ही आडवे झाले होते. फायबर तुटली तर दुरुस्तीला दिवस जातात, तेव्हा एक स्वस्त रिचार्ज असलेलं सिम मोडेमशेजारी असलेलं बरं, आणि ते शक्यतो तुमच्या वाडीत ज्याचा टॉवर वेगळ्या दिशेला आहे अशा कंपनीचं.

तेव्हा आज रात्री कोटा आणि तीन ठिकाणचा वेग बघा. केबलवाल्याला ५० चा प्लॅन आणि मोडेम माजघरात असं सांगा. जोडणी झाली की रिसीव्ह पॉवरचा आकडा आणि टीव्हीमागचा वायफायचा आकडा इथे टाका, पुढे काय करायचं ते त्यावरून सांगता येईल.